कोकणातील उष्णोदकाचे झरे : तीर्थ, औषध आणि ऊर्जा

बीजशब्द : उष्णोदक, कुंड, तीर्थ, जलचिकित्सा, भूऔष्णिक ऊर्जा, कोकण

प्रस्तावना

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत, पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत, सुमारे तीनशे किलोमीटर लांबीच्या रेषेत उष्ण पाण्याच्या झऱ्यांची अठराएक ठिकाणे आढळतात. एकेका ठिकाणी दोन-तीन किंवा त्याहून अधिक कुंडे असल्याने झऱ्यांची एकूण संख्या साठच्या घरात जाते. पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव आणि राजापूरजवळचे उन्हाळे येथील पाणी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गणेशपुरी आणि अकलोली येथे ते पन्नाशीच्या आसपास, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ येथे साठीच्या आसपास आणि खेड-दापोली भागातील उन्हवरे येथे सत्तर अंशांपर्यंत पोहोचते.

या झऱ्यांविषयीचे मराठी लेखन बहुतांशी दोन प्रकारचे आहे. एक यात्रेकरूंसाठी लिहिलेले स्थलमाहात्म्य आणि दुसरे ‘अपारंपरिक ऊर्जा’ या शीर्षकाखाली येणारे परिच्छेद. पहिल्यात झरा हा देवाचा प्रसाद असतो, तर दुसऱ्यात तो अद्याप न उभारलेल्या वीजकेंद्राचे आश्वासन असतो. प्रत्यक्षात गेल्या काही शतकांत या पाण्याचा जो काही उपयोग झाला तो त्याच्या उष्णतेचा, उष्णता म्हणूनच झालेला आहे. त्या उष्णतेची वीज करावी हा आग्रह अगदी अलीकडचा असून, याच आग्रहामुळे या झऱ्यांचे खरे मोल हिशेबाबाहेर राहिले, असे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रामनामांची साक्ष

झऱ्यांच्या इतिहासाचे सर्वांत जुने आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गावांची नावे. संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत ‘ऊन’, ‘उन्ह’ ही रूपे आली. आजही कोकणी माणूस पाणी ‘गरम’ आहे असे म्हणण्यापूर्वी ‘ऊन’ आहे असे म्हणतो. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही गावे या एकाच शब्दाची अपत्ये होत. कोकणाबाहेर पाहिले तर जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर ही नावेही याच कुळातील आहेत. इतकेच नव्हे, तर ‘उन्हाळे’ हे नपुंसकलिंगी नाम मराठीत उष्ण पाण्याचा झरा या अर्थीच रूढ होते. ऋतुवाचक ‘उन्हाळा’ शब्दाच्या गर्दीत ते मागे पडले. ‘गरम पाण्याचे कुंड’ हा आजचा शब्दप्रयोग त्यामानाने नवा आणि काहीसा सरकारी फलकावरचा आहे.

नावांची ही साक्ष महत्त्वाची अशासाठी, की गावाला देवतेवरून नाव मिळण्यापूर्वी ते पाण्यावरून मिळाले, असे तीवरून दिसते. उनकेश्वराच्या बाबतीत तर देवाचेच नाव पाण्यावरून पडले आहे. येथे यादवकालीन मराठी शिलालेख असल्याने या स्थानाचे महत्त्व किमान सातशे वर्षांपूर्वीचे आहे, हे निश्चित होते. अर्थात ‘आधी पाणी, मग देव’ हा क्रम सर्वत्र सिद्ध करता येईल असे नाही. मात्र बहुतेक स्थलमाहात्म्ये ज्या उलट क्रमाने कथा सांगतात, तिला ग्रामनामे दुजोरा देत नाहीत, एवढे म्हणता येते.

तीर्थ : वज्रेश्वरीचे उदाहरण

तीर्थ म्हणून या झऱ्यांना राजाश्रय कसा मिळाला याचे उत्तम उदाहरण तानसा नदीच्या काठावरील वज्रेश्वरी हे होय. पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. मोहिमेच्या काळात चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि विजयानंतर तो फेडण्यासाठी मंदिर उभारले गेले, अशी परंपरा आहे. या कामात वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांचे नाव घेतले जाते, तर नगारखान्याचे श्रेय बडोद्याच्या गायकवाडांना दिले जाते. किल्ल्याच्या तटासारखा पायऱ्यांचा चढ असलेले हे मंदिर टेकडीवर आणि उष्ण कुंडे मात्र खाली नदीकाठी, अकलोली व गणेशपुरीच्या बाजूस आहेत. देवीने संहारिलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे येथील पाणी उष्ण झाले, अशी लोककथा प्रचलित आहे.

या घटनेचा राजकीय अर्थ दुहेरी आहे. दीर्घकाळ पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या प्रदेशात नव्या सत्तेने आपली खूण उमटविली, हा एक. दुसरा अर्थ असा, की लोक ज्या ठिकाणी पूर्वीपासून येत होते तेच ठिकाण तिने निवडले. पाण्याने जमविलेली माणसे मंदिराला आयती मिळाली. पुढे विसाव्या शतकात स्वामी नित्यानंद गणेशपुरीस आले. १९६१ मध्ये त्यांचे महानिर्वाण होईपर्यंत जंगलाने वेढलेले हे लहानसे गाव देशोदेशींच्या भाविकांचे केंद्र बनले होते. भीमेश्वर मंदिरालगतची कुंडे या नव्या यात्रेचाही अविभाज्य भाग झाली. एकाच पाण्याने दोन शतकांच्या अंतराने दोन भिन्न प्रकारच्या भक्तिपरंपरांना आधार दिला, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

तीर्थाच्या या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. उनपदेव आणि उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी जवळपास एकच कथा सांगितली जाते. शरभंग ऋषी त्वचारोगाने पीडित असता प्रभू रामचंद्रांनी बाण मारून उष्ण जलधारा प्रकट केली आणि ऋषी रोगमुक्त झाले, असा तिचा आशय. शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन गावांनी एकच कथा आपली मानावी, यावरून त्वचारोगाने समाजाबाहेर पडलेली माणसे या पाण्याकडे आशेने येत असावीत, असा तर्क करता येतो. कथेत पाणी सर्वांना बरे करते. व्यवहारात मात्र पाण्यापर्यंत कोणी पोहोचावे हे पाणी ठरवीत नव्हते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी होईना म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. सवची उष्ण कुंडे त्याच महाडच्या परिसरात आहेत. कुंड सार्वजनिक पाणवठा मानायचे की देवस्थानचा भाग, हा प्रश्न त्या काळाच्या संदर्भात केवळ तांत्रिक राहत नाही.

नोंद : साहेबाची वही

एकोणिसाव्या शतकात झऱ्याकडे पाहणारी तिसरी दृष्टी अवतरली. तिच्या हातात तापमापक होता. जर्मन प्रवासी-संशोधक श्लागिनट्वाइट यांनी १८६० च्या दशकात हिंदुस्थान व हिमालयातील उष्ण झऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी झऱ्यांची विस्तृत सूची तयार केली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र आर. डी. ओल्डहॅम यांनी ती १८८२ मध्ये संपादित करून छापली. तीत सुमारे तीनशे स्थळे होती. याच सुमारास जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड निघत होते. रत्नागिरीचा खंड १८८० मध्ये आणि ठाण्याचा १८८२ मध्ये बाहेर पडला. कोकणातील झरे अशा रीतीने सरकारी वहीत आले.

या नोंदींचे ऋण मान्य करूनही त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. साहेबाने अंश मोजले, कुंडाची लांबी-रुंदी लिहिली आणि ‘नेटिव लोक स्नानास येतात’ अशा धर्तीचे एखादे वाक्य जोडून तो पुढच्या गावी गेला. ऊन पाणी मिळते म्हणून सरपण वाचते, बाळंतिणीच्या न्हाणीला पाणी नेता येते, सांधे धरलेल्या शेतकऱ्याला भातलावणीनंतर त्यात बसून आराम पडतो, असे जे लहानसहान उपयोग कुंडाकाठी राहणाऱ्या माणसाला सहज सुचतात, त्यांना सूचीत रकाना नव्हता. सूचीत रकाना नसलेली गोष्ट पुढील धोरणातही येत नाही, याचा प्रत्यय ऊर्जेच्या संदर्भात पुढे येतोच.

औषध : श्रद्धा, रसायन आणि पुरावा

आयुर्वेदात उष्ण जलाचा विचार पुरेसा सूक्ष्म आहे. चरकसंहितेत स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले असून कोमट द्रवात बसण्याचा ‘अवगाह’ हा त्यांपैकी एक. अष्टांगहृदयात उष्ण पाण्याने शरीराच्या खालच्या भागास स्नान घालणे बलदायक मानले आहे. मात्र डोक्यावर उष्ण पाणी घेणे केसांना व डोळ्यांना अहितकारक ठरविले आहे. कुंडात डोके बुडवून पुण्य मिळविणाऱ्या भाविकास हा शास्त्रार्थ ठाऊक नसतो, ही गोष्ट वेगळी.

लोकसमजुतीत या पाण्याचा सारा गुण गंधकाला दिला जातो. जमिनीखाली गंधक जळते म्हणून पाणी तापते, हे तर शाळकरी मुलांनाही सांगितले जाते. रासायनिक पृथक्करणात मात्र कोकणातील बहुतेक झऱ्यांत सोडियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे प्रधान असल्याचे आढळते. काही ठिकाणी येणारा गंधकवायूचा वास अल्प प्रमाणामुळेही जाणवतो. पाणी तापण्याचे कारणही गंधक नव्हे आणि ज्वालामुखीही नव्हे. दख्खनचा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच निवला आहे. पावसाचे पाणी किनाऱ्यालगतच्या खडकातील भेगांतून खोल उतरते, किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंशांनी वाढणाऱ्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. सत्तर अंशांसाठी त्याला दीड-दोन किलोमीटर तरी खाली जावे लागत असणार, आणि वर येताना ते काही अंशी निवत असल्याने याहूनही खोल.

विसाव्या शतकाच्या आरंभी औषधी गुणाचे श्रेय गंधकाकडून किरणोत्सर्गाकडे गेले. रेडियमचा शोध ताजा होता आणि युरोपातील नामांकित झऱ्यांच्या पाण्यात किरणोत्सर्गी वायू सापडल्याने सर्वत्र तशी तपासणी सुरू झाली. मुंबई इलाख्यात हे काम सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट अध्यापक फादर स्टाइखेन व फादर सिअर्प यांनी केले. गुजरातेतील टुवा येथील झऱ्यांच्या किरणोत्सर्गातील चढउतारांवर स्टाइखेन यांचा निबंध १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोत्सर्ग म्हणजे आरोग्य ही त्या काळाची भाबडी समजूत पुढे सपशेल खोटी ठरली. परंतु अध्यापनाबरोबर एकाच झऱ्याचे पुनःपुन्हा मापन करण्याची त्या अध्यापकांची पद्धत मात्र खोटी ठरली नाही.

आधुनिक वैद्यकाची भूमिका सावध आहे. उष्णता आणि पाण्याची उद्धरणशक्ती यांमुळे स्नायू सैल होतात, सांध्यांवरील भार घटतो आणि वेदना काही काळ कमी होते, याविषयी फारसा वाद नाही. विशिष्ट खनिजांमुळे रोग बरा होतो, हा दावा मात्र टिकत नाही. संधिवातावरील खनिजजल-स्नानाच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये घेतलेला आढावा पुरावा अपुरा असल्याच्या निर्णयाप्रत आला. याउलट, अनेकांनी एकत्र वापरलेल्या आणि पाणी न बदलणाऱ्या कोमट कुंडात रोगजंतूंचा धोका वाढतो, हे उघड आहे. ‘सर्व रोग बरे करणारे पाणी’ असा फलक लावणाऱ्यांनी कुंडाचा उपसा किती वेळाने होतो, तेही त्या फलकावर लिहिले तर ते अधिक आरोग्यदायी ठरेल. जपानने १९४८ मध्ये उष्ण झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करून झऱ्याची व्याख्या, उत्खननाची परवानगी आणि स्नानगृहांवरील माहितीफलक यांचे नियम घालून दिले. आपल्याकडे झऱ्यावर देवस्थान, ग्रामपंचायत, पर्यटन आणि महसूल अशा चौघांचा हक्क आणि कोणाचीच जबाबदारी नाही, असे चित्र अनेकदा दिसते.

ऊर्जा : विजेचा हिशेब आणि उष्णतेचा हिशेब

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी भूगर्भातील वाफेवर पाच दिवे पेटविले आणि १९१३ मध्ये तेथेच २५० किलोवॅटचे पहिले व्यापारी केंद्र सुरू झाले. तेव्हापासून भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे वीज हे समीकरण रूढ झाले. भारतात केंद्र सरकारने १९६६ मध्ये उष्ण झऱ्यांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हिमालयातील पार्वती खोरे, हरियाणातील सोहना व पश्चिम किनारा यांचे अन्वेषण झाले. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे पाच किलोवॅटचा प्रायोगिक वीजसंच आणि साडेसात टन क्षमतेचे प्रायोगिक शीतगृह उभारले गेले. उष्ण पाण्यावर शीतगृह चालविण्याचा तो प्रयोग वीजसंचापेक्षाही कल्पक होता, परंतु तोही पुढे सरकला नाही.

कोकणातील पाणी विजेसाठी पुरेसे तापलेले नाही, असे सहसा सांगितले जाते. हे पूर्ण सत्य नाही. अलास्कातील चेना येथे २००६ मध्ये अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. उन्हवरे येथील पाणी याहून फारसे थंड नाही. फरक आहे तो दुसऱ्या टोकाला. उष्णतायंत्राला गरम पाण्याइतकेच थंड पाणी लागते. चेना येथे शीतनासाठी चार अंशांचे पाणी उपलब्ध आहे. त्यामुळे सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता वीस टक्के येते. कोकणात नदीचे पाणीच सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे. त्यामुळे सत्तर अंशांच्या पाण्यापासून ही मर्यादा साडेबारा टक्क्यांच्या आत राहते आणि प्रत्यक्षात तिच्या निम्मेही हाती लागणे कठीण. तेलंगणातील मणुगुरू भागात सिंगरेनी कोळसा कंपनीने उभारलेला भूऔष्णिक संच वीस किलोवॅटचा आहे, यावरून परिमाणाची कल्पना यावी. खोल विवरे घेतल्यास अधिक तापमान मिळेल, अशी अनुमाने आहेत. परंतु तो खर्च आणि जोखीम निराळ्या पातळीची आहे.

आता हाच हिशेब उष्णतेचा म्हणून मांडला तर चित्र पालटते. सेकंदाला एक लिटर वाहणारे साठ अंशांचे पाणी चाळीस अंशांपर्यंत निवविले, तर सुमारे ८४ किलोवॅट उष्णता सतत, रात्रंदिवस आणि पावसाळ्यातही मिळते. कोकणाची नेमकी अडचण वाळवणाची आहे. आमसुलासाठी लागणारी रातांब्याची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि पाऊस लवकर आला की सालीला बुरशी येते. आंबापोळी, फणसपोळी आणि काजूबिया यांचीही तीच कथा. सुकी मासळी वाळूत किंवा ओट्यावर पसरून वाळविली जाते व एका सरीने वाया जाते. या साऱ्यांना पन्नास-साठ अंशांची कोरडी हवा लागते, वीज नव्हे. आइसलँडच्या राजधानीत ज्या ऊन झऱ्यांवर बायका कपडे धूत, त्याच परिसरातील पाणी १९३० मध्ये नळाने नेऊन एक शाळा, एक रुग्णालय आणि काही घरे उबदार केली गेली. आज त्या देशातील दहांपैकी नऊ घरे भूगर्भीय उष्णतेवर तापविली जातात. त्यांनी धुणावळीपासून आरंभ केला, वीजकेंद्रापासून नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात देशातील ३८१ स्थळांची नोंद असून, देशाची क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट आंकली गेली आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरणात विजेबरोबर उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र मेगावॅटच्या भाषेत मांडलेल्या क्षमतेत वाळवणाची खोली बसत नाही, हा जुना पेच कायम आहे.

विवर घेण्यापूर्वी

आणखी एक अनुभव नजरेआड करता येत नाही. न्यूझीलंडमधील वैराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक केंद्र सुरू झाल्यानंतर जवळच्या खोऱ्यातील प्रसिद्ध उष्ण कारंजी थंडावली. रोटोरुआ शहरात घरोघरी घेतलेल्या विवरांमुळे कारंज्यांचा जोर ओसरू लागला, तेव्हा १९८० च्या दशकात सरकारला अनेक विवरे बंद करावी लागली. त्यानंतर झरे काही प्रमाणात सावरले. लडाखमधील पुगा खोऱ्यात ऑगस्ट २०२२ मध्ये प्रायोगिक खोदकामादरम्यान विवरातील द्रव ओढ्यात मिसळल्याने काम थांबले होते. झऱ्याचे पाणी ज्या भेगेतून येते ती एकच असेल, तर खाली घेतलेले विवर आणि वरचे कुंड हे एकाच नळाचे दोन वाटेकरी ठरतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीसारख्या ठिकाणी, जेथे कुंडावर देवस्थान, दुकानदार, धर्मशाळा आणि आसपासच्या पाड्यांवरील कुटुंबे अवलंबून आहेत, तेथे हा प्रश्न भूशास्त्रापुरता उरत नाही.

असे नुकसान झाले की नाही हे ठरविण्यासाठी, नुकसानापूर्वी पाणी किती व कसे होते याची सलग नोंद हवी. तुरळक सर्वेक्षणांतील एकेक दिवसाचे आकडे त्यासाठी पुरत नाहीत. पावसाळ्यात आणि वैशाखात, भरतीच्या व ओहोटीच्या दिवशी तेच कुंड वेगळे असू शकते. वसई, भिवंडी, पाली, महाड, खेड, दापोली, संगमेश्वर, राजापूर या प्रत्येक तालुक्यातून एखादे तरी कुंड दुपारच्या तासांनंतर गाठता येण्याजोगे आहे. दर महिन्यास ठरावीक तिथीला तापमान, आणि जेथे पाणी पाटाने बाहेर पडते तेथे बादली भरण्यास लागणारे सेकंद, एवढे लिहून ठेवण्यास भूगोल, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांच्या विद्यार्थ्यांना एक तापमापक, एक घड्याळ आणि एक वही पुरते. त्याच वहीच्या उलट बाजूस, त्या दिवशी कुंडावर कोण आले होते आणि कशासाठी, हेही लिहिता येईल.